चार दिवसांची भिंत

स्वप्ना सकपाळने चॅपलचं टेंडर भरलं, तेव्हा तिचं डोकं फिरलंय यावर सिडनीच्या क्वेकर्स हिलमधल्या मराठी मंडळींचं एकमत झालं. या मंडळींचं एकमत होणं ही काही रोजची गोष्ट नव्हे. बाथरूम फोडून नवं करायचं, घरामागे ग्रॅनी फ्लॅट उभा करायचा, पॅटिओवर छप्पर घालायचं, हे तिचं काम. आणि त्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. पण चॅपल म्हणजे देवाचं घर, तेही गोऱ्यांच्या देवाचं, त्यातून दीडशे वर्षांहून जुन्या कॉलेजच्या आवारात, दगडात आणि चुन्यात. शनिवारच्या बुद्धवंदनेनंतर हॉलमध्ये चहा चालू असताना मुरलीधरकाकांनी तिला सगळ्यांदेखत विचारलं की आपला आणि चर्चचा संबंध काय. स्वप्ना म्हणाली, भिंतीचा. काकांचं बिस्किट तोवर चहात विरघळून गेलं होतं, त्यामुळे पुढचा प्रश्न राहून गेला.

चॅपलची हकीकत तशी गमतीची होती. कॉलेज स्थापन झालं तेव्हा लंडनहून आलेल्या कुणा साहेबाने त्याचा नकाशा काढला, पाया खणला गेला, उत्तरेकडची भिंत खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत चढली आणि तिथेच थांबली. गवंडी सोन्याच्या खाणींकडे पळाले म्हणतात. तेव्हापासून ती अर्धी भिंत हिरवळीवर उभी होती आणि विद्यार्थी तिच्यावर बसून चिप्स खात होते. मग दोन वर्षांपूर्वी एक म्हातारा माजी विद्यार्थी वारला आणि त्याने आपलं सगळं किडूकमिडूक, जे फारच घसघशीत निघालं, कॉलेजला देऊन टाकलं. अट एकच: चॅपल पुरं करायचं, जुन्या नकाशाबरहुकूम, आणि त्यात सिमेंटचा कणही पडता कामा नये.

नऊ बिल्डरांनी बोली लावली. कमिटीने तिघांना पुढे घेतलं. दोन नामांकित फर्म, ज्यांच्या क्रेनवर त्यांची नावं शहराच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसतात, आणि तिसरी स्वप्ना, जिच्याकडे एक उघड्या हौद्याची यूट गाडी, निवृत्तीला टेकलेले दोन पट्टीचे गवंडी आणि सहा महिने रोज पहाटे उठून तयार केलेली फाइल होती. कमिटीतल्या कुणीतरी ती फाइल खरोखरच वाचली असावी.

निवड झाल्याच्या ईमेलची सुरुवात "डिअर रामभाऊ" अशी होती. ही नेहमीची पंचाईत. स्वप्ना विद्यार्थी म्हणून या देशात आली तेव्हा पासपोर्टवर स्वप्ना रामभाऊ सकपाळ असं नाव होतं, म्हणजे स्वतःचं, बापाचं आणि आडनाव, जसं आपल्याकडे असतं. इथल्या फॉर्मांना बापाचं नाव कळेना. त्यांनी ते तिच्याच नावात कोंबलं. लग्नानंतरही तिने ते बदललं नाही आणि बिल्डरचं लायसन्सही त्याच नावाने निघालं. त्यामुळे पंधरा वर्षं सप्लायर आणि कौन्सिलवाले तिला रामभाऊ म्हणून हाका मारत होते आणि तीही ओ देत होती.

खरे रामभाऊ त्या वेळी तिच्या घरामागच्या अंगणात खुर्ची टाकून ऊन खात बसले होते. तीन महिन्यांच्या व्हिसावर ते दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातून पहिल्यांदाच लेकीकडे आले होते. वय त्र्याहत्तर, अंगाने काटक, आणि हात असे की मांजरसुद्धा त्यांच्याकडून कुरवाळून घ्यायला कचरावं. एकतीस वर्षं त्यांनी समुद्रातल्या किल्ल्याच्या डागडुजीवर रोजंदारीने चुना कालवला होता. भट्टी लावणं, चुना विझवणं, चुन्याच्या घाणीत दगडी चाकाखाली मळणं, सगळं. त्यांनी मळलेल्या चुन्यात बसवलेला दगड लाटेने हलला, असं एकदाही झालं नव्हतं, आणि हे ते स्वतः सांगत नसत, इतर लोक सांगत.

स्वप्ना तिसरीत असताना त्यांचा डबा घेऊन धक्क्यावर जायची. किल्ल्याच्या दर्शनी तटाचं काम पुरं झालं तेव्हा दारात संगमरवरी फलक लागला. नुकतीच सलग वाचायला लागलेली पोरगी मोठ्याने वाचू लागली: मंत्र्याचं नाव, इंजिनिअरचं नाव, कंत्राटदाराचं नाव. रामभाऊ तिच्या शेजारी डबा हातात घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "खालपर्यंत वाचलंस?" ती म्हणाली, हो. "आणखी खाली काय नाय?" नाही म्हणाली. "बरं," म्हणाले आणि हात धुवायला गेले. त्या दिवशी डब्यात सुकटीची चटणी होती, हेही स्वप्नाला अजून आठवत होतं. चॅपल का, असं कोणी विचारलं की ती भिंतीबद्दल काहीतरी बोलायची, पण खरं उत्तर तो फलक होता, आणि ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

आता बोलीचा शेवटचा टप्पा उरला होता. तिन्ही बिल्डरांनी कॉलेजच्या हिरवळीवर जुन्या भिंतीशी मेळ खाणारी नमुन्याची भिंत बांधायची, एक मीटर लांब, एक मीटर उंच. चुना, वाळू आणि पाणी याखेरीज त्यात काहीही घातलं नाही असं सही करून द्यायचं. आणि कमिटी पाहायला येईल त्या दिवशी ती भिंत निदान अठ्ठावीस दिवसांची झालेली असली पाहिजे, कारण चुना सावकाश घट्ट होतो आणि घाई केलेली भिंत पाहून काही कळत नाही.

स्वप्नाने भिंत मुदतीच्या पुष्कळ आधी बांधायला घेतली. गवंडी दगड घडवत होते, ती ओळंबा लावत होती आणि चुना अर्थातच अण्णांकडे, म्हणजे रामभाऊंकडे, होता. ताडपत्रीखाली त्यांनी आपला संसार मांडला होता: दोन ड्रम, एक फावडं आणि घरून आणलेलं स्टीलचं पातेलं. त्या पातेल्यात काय आहे हे स्वप्नाने विचारलं नाही. बाप चुन्याशी बोलत असतो तेव्हा मध्ये तोंड घालायचं नाही, हे ती लहानपणीच शिकली होती. भिंत अशी सुरेख उठली की गवंड्यांपैकी थोरल्याने तिच्यावरून हात फिरवला आणि अण्णांना सिगरेट देऊ केली. अण्णांनी ती कानावर खोचली.

घरातली गुळाची ढेप एका आठवड्यात संपली, हे तिच्या नवऱ्याच्या, प्रज्ञेशच्या लक्षात आलं होतं. वेस्टमीडच्या लॅबमध्ये तो दिवसभर रक्ताचे नमुने तपासतो, त्यामुळे सासऱ्यांची शुगर तपासून घेऊ या का, असं त्याने हळूच विचारलंही होतं.

पाहणीला दहा दिवस राहिले असताना स्वप्ना दुपारी सहज भिंत बघायला गेली. बाकीच्या दोन भिंती शांत उभ्या होत्या. तिच्या भिंतीच्या पायथ्याशी, जिथे अण्णांची ताडपत्री होती, तिथे मुंग्यांचं संमेलन भरलं होतं. काळ्या, टपोऱ्या मुंग्या गवतातून रांग धरून येत होत्या आणि जमिनीवर सुकलेल्या एका तांबूस डागावर तुटून पडत होत्या. स्वप्नाने वाकून त्या डागावर बोट घासलं आणि नाकाला लावलं. मग ती तडक यूटकडे निघाली.

घरी आल्यावर तिने बूटही काढले नाहीत. अण्णा कोथिंबीर निवडत होते. तिने विचारलं, चुन्यात काय घातलंत? अण्णांनी मान वर न करता सांगितलं, काय घालायचं, नेहमीचंच. गुळाचं पाणी आणि उडदाचं भिजवण.

"अण्णा, मी साइन करून दिलंय. चुना, वाळू, पाणी. दुसरं काही नाही म्हणून. मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं."

"दाखवलंस. मला वाटलं, ते सिमेंटसाठी हाय. गूळ काय भेसळ हाय का बाय? गुळाबिगर चुना म्हणजे मिठाबिगर कालवण. कोन देतं कुनाला?"

आणि त्यांना खरोखरच तसं वाटत होतं, हीच तर पंचाईत. त्यांनी चोरून काही केलं नव्हतं. पाहुण्याला पाणी देताना आपण परवानगी विचारत नाही, तसा त्यांनी चुन्याला गूळ दिला होता. टेबलाशी गृहपाठ करणारी दहा वर्षांची कौमुदी पेन्सिल चावत म्हणाली, "आजोबा, दॅट्स चीटिंग." अण्णांना चीटिंग शब्द समजत होता. त्यांनी कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

प्रज्ञेशचं म्हणणं पडलं की कुणाला कळणार आहे. मुंग्या पाणी मारून घालवता येतील. भिंत तर तिघांत उजवी आहे. तो वाईट माणूस नव्हे, बायकोचे सहा महिने वाया जाताना त्याला बघवत नव्हते एवढंच. स्वप्नालाही तो मोह झाला, खोटं कशाला बोलायचं. तासभर ती यूटमध्ये बसून राहिली. मग तिने ठरवलं आणि कॉलेजच्या आर्किटेक्टला, मॉइराला, फोन लावला.

मॉइरा साठीची, पांढऱ्या केसांची आणि कायम चिखलाचे बूट घालणारी बाई. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दोन वाटा सांगितल्या. भिंत आहे तशी ठेव आणि गूळ घातल्याचं लिहून दे, मग कमिटी काय ते ठरवील. किंवा पाडून नवी बांध, पण ती अठ्ठावीस दिवसांची होणार नाही आणि नियम सगळ्यांना सारखा. स्वप्नाने विचारलं की तू काय करशील. मॉइरा म्हणाली की बोली तिची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वप्ना पहार घेऊन कॉलेजवर गेली. ज्या अटींवर सही केली तशी ती भिंत नव्हती, मग ती उभी ठेवून पुढे चर्चा कसली करायची, असं तिचं साधं गणित होतं. अण्णा आधीच गाडीत येऊन बसले होते. रात्री ते जेवलेही नव्हते.

भिंत पडता पडेना. जेमतेम चार आठवड्यांचा चुना, पण पहार मारली की ठिणगी तेवढी उडायची. स्वप्नाचे तळवे सोलवटले, तिला रडूही येत होतं आणि आपल्या बापाचा अभिमानही वाटत होता, आणि या दोन्हीचा तिला सारखाच राग येत होता. अण्णा पलीकडे पाठ करून उभे होते. एकदा पहार निसटली तेव्हा त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की खालून घाल, वरून नाय निघायची.

मग आपलं काम पाडताना ऐकू येऊ नये म्हणून ते दूर जाऊन त्या अर्ध्या जुन्या भिंतीवर टेकले. बसल्या बसल्या सवयीने त्यांनी सांध्यात नख घातलं. चुन्याचा कण निघाला, तो जिभेवर ठेवला. एकतीस वर्षांची खोड होती ती. मग उठून त्यांनी खिशातली किल्ली काढली आणि सांधा जरा आत कोरला.

"बाय," त्यांनी हाक मारली. "इकडं ये. हे बघ काय हाय."

त्यांच्या तळहातावर चुन्याच्या भुग्यात पांढरे, चकचकीत कपचे होते. स्वप्नाने ते उन्हाकडे धरले. शिंपला.

"कालवं," अण्णा म्हणाले. "आपल्या खाडीत असतात तीच. ह्यांनी कालवं जाळून चुना केला. दगडाचा चुना न्हवंच हा. तुझ्या त्या कागदात कुठला लिवलाय?"

कागदात नुसतं चुना एवढंच लिहिलं होतं, आणि बाजारात मिळतो तो पोत्यातला, दगडाचा. तिन्ही भिंती त्याच पोत्यातून उठल्या होत्या. म्हणजे जुन्या भिंतीशी मेळ खाईल असं बांधा, ही पहिली अट, आणि तिघांपैकी एकानेही ती पाळली नव्हती. कारण जुनी भिंत चाखून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मॉइरा दुपारी आली आणि गुडघ्यावर बसून बराच वेळ भिंतीशी डोळा लावून राहिली. मग तिने सांगितलं की पूर्वी इथे खाडीकाठी शिंपल्यांचे डोंगर होते. इंग्रज यायच्या आधीपासून, हजारो वर्षं, इथले मूळचे लोक कालवं खाऊन टरफलं तिथे टाकत आलेले. सुरुवातीच्या काळात वसाहतवाल्यांनी ते ढीग उपसून भट्ट्यांत घातले. इथे तसलं काही उरलं असेल, हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं, असंही ती म्हणाली. स्वप्नाने ते अण्णांना मराठीत सांगितलं. अण्णांनी विचारलं, ते लोक आता कुठं हायत? मॉइराने आडपडदा न ठेवता उत्तर दिलं. बरेचसे मारले गेले, काही आजारात गेले, उरलेले हुसकले गेले. त्यांचे वंशज आहेत, काही याच भागात राहतात. अण्णांनी भिंतीवर हात ठेवला.

"म्हणजे ह्यात त्यांचंबी हाय," ते म्हणाले. "नाव लावलं नसंल."

त्यानंतर त्यांचा रुसवा कुठे गेला ते कळलं नाही. गाडीत बसताच त्यांनी फर्मान सोडलं: शिंपले आण. दोन पोती भरून.

दोन पोती शिंपले सिडनीत मिळणं अवघड नाही, लोक इथे कालवं आवडीने खातात. स्वप्नाने चार रेस्टॉरंटांच्या मागच्या दारी उभं राहून ती गोळा केली. अवघड होती भट्टी. क्वेकर्स हिलच्या अंगणात जाळ केला तर शेजारी चहा घेऊन येत नाहीत, बंबवाले येतात. पण युनिव्हर्सिटीतली तिची मैत्रीण शुभदा गॅरेजमध्ये मातीची भांडी करायची आणि तिच्याकडे गॅसवरची भट्टी होती. शुभदाने आधी नाक मुरडलं, कारण शिंपल्यांना वास होता, मग हो म्हणाली. त्या भट्टीला आकड्यांची बटणं होती. अण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि हा ओव्हन आहे, भट्टी नव्हे, असं जाहीर केलं. पण शिंपला पुरता भाजला की नाही हे बटण सांगू शकत नव्हतं. ते अण्णाच सांगत होते, फोडून, वास घेऊन, आणि एक घाणा त्यांनी परत आत घालायला लावला.

विझवण्याचं काम अंगणात झालं. पांढऱ्याफटक शिंपल्यांवर पाणी पडलं आणि ड्रम फुत्कारायला लागला, वाफेचा लोट कुंपणावर गेला. स्वप्नाने बापाला गॉगल आणि हातमोजे घालायला लावले आणि त्यांनी आयुष्यात प्रथमच ते घातले. कौमुदी खिडकीतून बघत होती. तिने विचारलं, "इज इट जस्ट शेल्स? ओन्ली शेल्स?" अण्णांनी दोन्ही हात वर करून दाखवले. गूळ त्यांनी त्या आठवड्यात चहातसुद्धा घेतला नाही.

भिंत उभी राहिली तेव्हा पाहणीला चार दिवस होते.

कमिटीची पाच माणसं शुक्रवारी सकाळी आली. दोन मोठ्या फर्मच्या भिंती दिमाखात उभ्या होत्या, खडखडीत, रेखीव. स्वप्नाच्या भिंतीच्या सांध्यात मॉइराने खिळा टेकवला आणि तो लोण्यात जावा तसा आत गेला. कमिटीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी सौम्यपणे विचारलं की चार दिवसांच्या भिंतीवर चॅपल कसं द्यायचं. स्वप्नाने सगळं सांगितलं. गूळ, मुंग्या, पहार, शिंपले. आधीची भिंत चांगली होती हेही सांगितलं आणि ती तिच्या सहीशी जुळत नव्हती म्हणून पाडली हेही. माफी एकदाच मागितली. मग तिने जुन्या भिंतीतला चुरा एका हातावर घेतला, आपल्या भिंतीतला दुसऱ्या, आणि दोन्ही हात अध्यक्षांपुढे केले. कुठला कुठला ते त्यांना सांगता आलं नाही.

पण नियम तो नियम. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस. कमिटीने एवढंच ठरवलं की जुन्या चुन्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यायची, आणि तोवर निर्णय थांबवायचा.

तपासणीला दोन आठवडे लागले. शिंपल्यांचा चुना असल्याचं सिद्ध झालं आणि कमिटीने कागद बदलला: चॅपल शिंपल्यांच्याच चुन्यात बांधायचं. त्यावर एका फर्मने अंग काढून घेतलं. दुसरीने माणूस पाठवला, प्रोजेक्ट मॅनेजर, श्रीनिवास नावाचा, मूळचा पुण्याचा. तो स्वप्नाच्या किचनमध्ये बसला, पोहे खाल्ले, पोह्यांची तारीफ केली आणि मुद्द्यावर आला. चुन्याचं सगळं काम तिने बघायचं. बांधकाम त्यांची फर्म करील. दोन वर्षांचं खात्रीचं काम, रिस्क शून्य.

"चांगली ऑफर आहे गं," तो म्हणाला. "तू चुना सांभाळ, बाकी हेडेक आमचा. नो वरीज."

"साइटवरच्या बोर्डवर नाव कुणाचं?"

"बोर्डवर मेन बिल्डरचंच असतं. तुझं पेपर्समध्ये राहील ना."

स्वप्नाने त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले. "माझी बिड चॅपलची आहे," ती म्हणाली. "चुन्याची नाही. चुना कालवायचं काम आमच्या घरात एकतीस वर्षं झालं. तेवढं पुरे."

श्रीनिवास गेल्यावर प्रज्ञेश तिच्यावर वैतागला. हातात आलेलं सोडून देतेस, उद्या दोन्ही गेलं तर? त्याचं चुकत नव्हतं. स्वप्नालाही रात्रीची झोप नव्हती आणि ती तसं बोललीही की मला भीती वाटते. पण फोन करून हो म्हण, असं त्याने म्हटल्यावर ती भांडी घासायला उठली. अण्णा दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी उभ्या जन्मात कुठल्या इंजिनिअरला नाही म्हटलं नव्हतं. लेक ते भांडी घासता घासता करत होती.

दोन दिवसांनी त्यांचा व्हिसा संपला. एअरपोर्टला निघण्याआधी त्यांना कॉलेजवर जायचं होतं. स्वप्नाने यूट हिरवळीच्या कडेला उभी केली. अण्णा आपल्या भिंतीजवळ गेले आणि सांध्यात नख घातलं. नख आत गेलं नाही. त्यांनी बूट काढून एका बाजूला ठेवले, अनवाणी पायाने भिंतीला एक फेरी घातली आणि चला म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मॉइरा आपला खिळा घेऊन आली, तेव्हा ते विमानात होते आणि भिंतीला अठ्ठावीस दिवस पुरे झाले होते.

कमिटीला ठरवायला त्यानंतर तीन आठवडे लागले. पत्र आलं तेव्हा स्वप्ना कुणाच्या तरी बाथरूममध्ये गुडघ्यावर बसून टाइल्स लावत होती. तिने फोनवर पहिली ओळ वाचली. "डिअर रामभाऊ, वी आर प्लीज्ड." पुढचं तिला वाचवेना, डोळे भरून आले. त्या घरच्या बाईने घाबरून विचारलं की काय झालं, टाइल्स कमी पडल्या का.

काम सुरू व्हायच्या आदल्या सोमवारी साइटच्या कुंपणावर बोर्ड लागला. कायद्याप्रमाणे त्यावर मुख्य बिल्डरचं नाव लायसन्सवर असेल तसंच, पुरतं लिहावं लागतं. स्वप्नाने फोटो काढला आणि गावी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. अण्णा पडवीत बसले होते, शेजाऱ्याचा फोन हातात नीट धरता येत नव्हता, पडद्यावर निम्मा वेळ त्यांचा कान दिसत होता. ते म्हणाले, इंग्रजी हाय, मला काय कळतंय, तू वाच.

तिने वाचायला सुरुवात केली. कॉलेजचं नाव. चॅपलचं नाव. आर्किटेक्ट, मॉइरा आणि तिचं आडनाव. त्याखाली, या जमिनीच्या मूळच्या लोकांचं नाव, ज्यांच्या शिंपल्यांतून पहिली भिंत उठली. ही ओळ स्वप्नाने मागितली होती, त्या लोकांच्या मंडळाने ती तपासून दिली होती आणि मॉइराने कमिटीशी भांडून ती लावली होती.

"खालपर्यंत वाच," अण्णा म्हणाले.

"बिल्डर," तिने वाचलं. "स्वप्ना रामभाऊ सकपाळ."

पडद्यावर छपराची कौलं दिसत होती, म्हणजे फोन मांडीवर आडवा झाला असावा.

"चुना पान्याखाली ठेवलायस न्हवं?" ते म्हणाले. "उघडा ठेवू नको, बाय. वारा लागला की बसतो."